जूनमध्ये पिल्लू रस्त्यावर येऊ नये म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या हट्टाखातर घरी आणलेली कुत्र्याची पिल्लं शाळा उघडल्या की नकोशी होऊ लागतात, हे नाशिकमध्ये श्वानप्रशिक्षणाचं काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. एप्रिलच्या मध्यात आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू जूनच्या मध्यात चार महिन्यांचं होतं. तेव्हाच शाळा सुरू होते, पाऊस सुरू होतो आणि पिल्लाच्या वेळा पाळणारं घरात कोणी उरत नाही. मग 'हे काही शिकत नाही, घरभर घाण करतं' असं म्हणून त्याला कुणाच्या तरी मळ्यावर पाठवलं जातं किंवा शहराबाहेर सोडून दिलं जातं. पिल्लाचा यात काहीही दोष नसतो. शी-शू बाहेर करायला शिकवणं हे घराच्या वेळापत्रकाचं काम आहे, आणि ते सुटीच्या या दोन महिन्यांत नीट होऊ शकतं. म्हणून हे पत्र सुटी संपण्याआधी लिहीत आहे.

आधी पिल्लाच्या शरीराची मर्यादा समजून घ्यावी. लघवी रोखणाऱ्या स्नायूंवर पुरता ताबा येतो तो साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात. तोवरचा ठोकताळा असा, की पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. तितके तास ते दिवसा शांत पडून असताना फार तर थांबू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे जास्तीत जास्त तीन तास. जागं असेल, खेळत असेल, तर अर्ध्या-पाऊण तासातच त्याला जावं लागतं. पामेरियन, पग, शित्झूसारख्या लहान जातींचं मूत्राशयही लहान असतं, त्यामुळे त्यांना शिकायला लॅब्रॅडॉरपेक्षा जास्त दिवस लागतात. 'शेजारच्यांचं लॅब तीन आठवड्यांत शिकलं' ही तुलना पामेरियनवाल्या घरात करू नये.

आपल्याकडची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरणं. माझा तिला स्पष्ट विरोध आहे. पिल्लू जागेइतकाच, किंबहुना जागेहून अधिक, पायाखालचा पोत लक्षात ठेवतं. तीन आठवड्यांचं झाल्यावर ते आईच्या अंथरुणापासून थोडं दूर जाऊन शी-शू करू लागतं आणि साधारण साडेआठ आठवड्यांपर्यंत 'अशा पोताच्या पृष्ठभागावर जायचं' ही त्याची आवड पक्की होत जाते. त्या काळात पायाखाली माती-गवत असेल तर पुढे ते माती शोधतं. कागद किंवा चिंध्या असतील तर मऊ आणि ओलावा शोषणारं काहीतरी शोधतं, आणि घरात तसं काय असतं? पायपुसणी, सतरंजी, गोधडी, सोफ्याखाली पडलेला टॉवेल. बाहेर हिरवळीवर अर्धा तास फिरून आलेलं पिल्लू घरात शिरताच पायपुसण्यावर शू करतं, तेव्हा ते आपण शिकवलेलंच करत असतं. कागदावर शिकवून नंतर बाहेर शिकवायचं म्हणजे एकच गोष्ट दोनदा शिकवायची, आणि मध्ये पहिली पुसायची. दुकानात मिळणाऱ्या पॅडचंही तेच.

म्हणून पिल्लू घेताना आई-बाप आणि रंग यांच्यासोबत ते कशावर वाढलंय हेही विचारावं. जाळीच्या पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत झोपायची सवय लागलेल्या पिल्लाची 'झोपायची जागा स्वच्छ ठेवायची' ही उपजत वृत्ती बोथट झालेली असते आणि सगळं शिक्षण याच वृत्तीवर उभं असतं. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी मनाई आहे. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू कोणी देऊ केलं तर घेऊ नये. रस्त्यावरून दत्तक घेतलेली गावठी पिल्लं या बाबतीत पुष्कळदा सोपी जातात, कारण ती मातीवरच वाढलेली असतात. फक्त त्यांच्यापासून बाल्कनीतल्या कुंड्या आणि तुळस जपाव्या लागतात. कुंडीतली माती त्यांच्या दृष्टीने अगदी योग्य जागा असते. पहिले दोन महिने कुंड्या उंच स्टँडवर ठेवाव्यात आणि घरातली झाडून सगळी पायपुसणी उचलून ठेवावीत.

आता वेळा. पिल्लाला न्यायच्या चार हमखास वेळा आहेत: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ रंगात आल्यावर किंवा थांबल्याबरोबर, आणि रात्री झोपण्यापूर्वी. पोटात अन्न पडलं की आतड्याची हालचाल सुरू होते, म्हणून जेवणानंतरची वेळ सहसा चुकत नाही. याखेरीज दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर पाऊण तासाने न्यावं. एका वहीत प्रत्येक शी-शूची वेळ आणि जागा लिहून ठेवावी. आठवडाभरात त्या पिल्लाची स्वतःची लय कागदावर दिसते. सुटीत घरी असलेल्या मुलांना हे काम द्यावं, ती ते मन लावून करतात.

खाणं ठरल्या वेळी, तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन ते चार वेळा. वाटी पंधरा मिनिटांनी उचलावी. दिवसभर वाटी भरून ठेवली तर शी कधी होईल याचा अंदाजच बांधता येत नाही. दूध-पोळीवर पिल्लू वाढवायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण बऱ्याच पिल्लांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना पातळ शी होते. पातळ शी पिल्लाला रोखता येत नाही, तेव्हा शिस्त लावण्याआधी पोट सुधारावं. जंताचं औषधही वेळेवर हवं: पहिले दोन-तीन महिने दर पंधरवड्याने, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत. पाणी मात्र नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कधीच बंद करू नये. घरात शू होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी घरं आहेत. पारा चाळिशीला टेकलेला असताना हे धोक्याचं आहे. थंडीच्या दिवसांत झोपण्यापूर्वी तास-दीड तास भांडं उचललं तर चालतं.

नेण्याची पद्धतही सांगते, कारण गाडी नेमकी इथेच अडते. फ्लॅट चौथ्या मजल्यावर असेल तर पिल्लाला दारापासून उचलून घ्यावं. कडेवर असलेलं पिल्लू सहसा शू करत नाही. लिफ्टच्या फरशीवर ठेवलेलं करतं. पट्टा बांधून रोज त्याच दाराने, त्याच कोपऱ्यात न्यावं आणि तिथे उभं राहावं. चालायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. पाच मिनिटं थांबावं. पिल्लू बसून शू करू लागलं की हळू आवाजात एकच ठरलेला शब्द म्हणावा, 'शू कर' किंवा घरात जो रुळेल तो. पण आजी एक, आजोबा दुसरा आणि मुलं तिसरा शब्द म्हणाली तर उपयोग नाही. शू पुरती झाल्यावर, तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा, पनीरचा किंवा रताळ्याचा तुकडा द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ हे घरात येण्याचं बक्षीस ठरतं. आणि खाऊनंतर फिरायला न्यावं. शू झाली की लगेच घरी आणलं तर पिल्लू दोन दिवसांत हिशेब मांडतं, की शू केली की मजा संपते. मग ते फिरताना धरून ठेवतं आणि घरी येऊन करतं.

पाच मिनिटांत काहीच केलं नाही, तर घरी आणून मोकळं सोडू नये. मांडीवर घ्यावं किंवा पिंजऱ्यात ठेवावं आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच कोपऱ्यात न्यावं. शिस्त बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण 'आत्ताच तर नेऊन आणलं' या समजुतीत आहे. नेणं आणि होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; वहीत फक्त 'झाली' लिहावं.

पिंजरा म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. तो कोंडवाडा करू नये हे खरंच, पण नीट वापरला तर पिल्लाला ती स्वतःची गुहा वाटते. माप महत्त्वाचं: उभं राहता यावं, गोल वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, इतकंच. लॅब्रॅडॉर मोठं झाल्यावर लागणारा ४२ इंची पिंजरा दोन महिन्यांच्या पिल्लाला आख्खा दिला, तर ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं. मध्ये जाळीची फळी टाकून जागा लहान करावी आणि पिल्लू वाढेल तशी ती सरकवावी. सुरुवातीला दार उघडं ठेवून आत खाऊ घालावा. दार लावण्याची घाई नको. आत असताना गळ्यातला पट्टा काढावा, जाळीत अडकून फास बसू शकतो. पिंजरा उन्हाच्या बाल्कनीत कधीही ठेवू नये. आणि वर सांगितलेल्या तासांपलीकडे पिल्लाला आत ठेवलं तर नाइलाजाने ते आतच करतं. तसं दोन-तीनदा झालं की पिंजऱ्याचा उपयोग संपला. घरातले दोघंही सातपूर-अंबडला कामाला आणि मुलं शाळेत, असं असेल तर दुपारी पिल्लाला बाहेर काढायला रोज कोण येणार, हे पिल्लू आणण्यापूर्वी ठरवावं.

पिंजऱ्याबाहेर असताना पिल्लू कोणा एकाच्या नजरेसमोर हवं. सहा फुटी दोरीचं एक टोक पट्ट्याला आणि दुसरं आपल्या कमरेला बांधलं की ते सोफ्यामागे जाऊच शकत नाही. खेळता खेळता अचानक थांबणं, नाक जमिनीला लावून हुंगत गोल फिरणं, दाराकडे किंवा कोपऱ्याकडे निघणं, ही खूण दिसली की उचलून बाहेर. सुरू झालंच असेल तर ओरडू नये; टाळी वाजवून थांबवावं, उचलून कोपऱ्यात न्यावं, उरलेली तिथे झाली की कौतुक करावं.

मागाहून सापडलेल्या ओल्याबद्दल मात्र काहीच करायचं नाही. नाक घासणं, पेपरची सुरळी मारणं, ओढत नेऊन दाखवणं, हे सगळं अजूनही घराघरांत चालतं आणि त्याने पिल्लू एकच धडा शिकतं: माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली, पडद्यामागे लपून करतं आणि बाहेर आपण शेजारी उभे असताना करतच नाही. 'चूक केली हे त्याला कळतं, बघा कसं मान खाली घालतं' असं लोक सांगतात. ती मान आपल्या चढलेल्या आवाजाने खाली जाते. दहा मिनिटांपूर्वीच्या कृतीशी त्या रागाचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही.

कोणी घरी आलं, डोक्यावर हात ठेवायला वाकलं की दबून जाऊन थोडी शू करणारी पिल्लं असतात. ते भीतीतून किंवा अदबीतून होतं, त्याचा या शिस्तीशी संबंध नाही. तिथे बाजूला बसून, डोळ्यांत न बघता पिल्लाला जवळ येऊ द्यावं. वयाबरोबर ते जातं. शिकलेलं पिल्लू एकाएकी दर दहा मिनिटांनी थेंब थेंब करू लागलं, विशेषतः मादी असेल तर, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं. याच ओघात एक सांगायला हवं, कारण आपण द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. मुलांच्या हातून एखादा घोस पिल्लाच्या पोटात गेला तर उलट्या व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठावा.

सफाईत बहुतेक घरं फिनेलवर थांबतात. फिनेलच्या वासाने आपल्याला स्वच्छ वाटतं, पण पिल्लाला त्याखालचा शूचा वास तसाच येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय काळं फिनेल पंजाला लागून चाटण्यात येतं, ते कुत्र्याला घातक आहे. शूवर ब्लीच ओतू नये. त्यातून घसा जाळणारा वायू निघतो. आधी कोरड्या फडक्याने दाबून सगळं टिपून घ्यावं, साध्या पाण्याने पुसावं आणि मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं, शूचा वास मुळापासून घालवणारं एन्झाइमचं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यावं. ते लगेच पुसलं तर काम करत नाही. टाइल्सच्या सांध्यांत शू मुरते, तिथे जास्त ओतावं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं हा घरगुती उपाय टाइल्सवर चालतो, पण जुन्या वाड्यांतल्या शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर नको, आम्लाने दगड खाल्ला जातो आणि डाग कायमचा बसतो.

रात्रीचं थोडक्यात. दोन महिन्यांच्या पिल्लाला साडेदहा-अकराला नेऊन झोपवावं आणि दोन-अडीचला गजर लावून एकदा उठावं. ते रडण्याआधी आपण उठलेलं बरं, नाहीतर रडलं की दार उघडतं हे शिकतं. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही. झाली की परत आत. दर तीन-चार रात्रींनी गजर पंधरा मिनिटांनी पुढे ढकलावा. तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान बहुतेक पिल्लं सहा-सात तास सलग झोपू लागतात.

लसीकरणाचा प्रश्न सगळे विचारतात: लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही, तर शिकवायचं कुठे? सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस होते. तोवर पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा धोका खरा आहे, आणि त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा कुठलीही गर्दीची बाग या काळात टाळावी. पण चार महिन्यांचं होईपर्यंत घरात कागदावर करू देणं हाही मार्ग नाही. बंगल्याचं बंद अंगण, गच्ची, किंवा भटकी कुत्री येत नाहीत असा सोसायटीच्या कंपाउंडमधला कोपरा चालतो. तेही नसेल तर दोन फूट बाय तीन फुटांच्या ट्रेमध्ये नर्सरीतून आणलेली हिरवळ लावून ती बाल्कनीत ठेवावी. पिल्लू मग गवतावरच शिकतं आणि लसी झाल्यावर बाहेरच्या गवतावर सहज जातं. हिरवळ दर दोन-तीन आठवड्यांनी बदलावी लागते, आणि ट्रे दिवाणखान्यात आणू नये.

सोसायट्यांना एक विनंती. पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत स्पष्ट आहे. पण नुसती भांडणं करत बसण्यापेक्षा पार्किंगच्या मागे सहा फूट बाय चार फुटांचा मातीचा एक तुकडा ठरवून दिला, तर जिना, लिफ्ट आणि गाड्यांची चाकं आपोआप स्वच्छ राहतील. कुत्रा पाळणाऱ्यांनी शी प्रत्येक वेळी स्वतः उचलावी आणि घरच्या संडासात टाकून पाणी सोडावं. नाल्यात नको, पावसाळ्यात ती गोदावरीतच पोहोचते.

हळूहळू मोकळीक द्यावी. एका खोलीत चार आठवडे एकही चूक झाली नाही, की दुसरी खोली उघडावी. चूक झाली की एक खोली मागे यावं. सहाव्या महिन्याच्या आसपास नर जागोजागी थोडी थोडी शू करून हद्दीच्या खुणा करू लागतात, तेव्हाही हेच. आपल्याकडे गणपतीआधी आठवडेच्या आठवडे ढोलपथकांचा सराव चालतो, दिवाळीत फटाके असतात. घाबरलेलं पिल्लू बाहेर काहीच करत नाही. त्या दिवसांत सूर्यास्तापूर्वी, आवाज सुरू होण्याआधी नेऊन आणावं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बारीक केसांचं पिल्लू पहाटे दारातून पाऊल टाकत नाही. त्याला स्वेटर घालावा आणि उचलून थेट कोपऱ्यात ठेवावं.

आणि पाऊस. ज्या पिल्लाने मार्चपासून मेपर्यंत फक्त कोरडी जमीन पाहिली, ते जूनमध्ये ओल्या गवतावर पाय ठेवायलाच तयार नसतं. मे महिन्यातच आठवड्यातून तीन-चार वेळा त्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतून मग पिल्लाला न्यावं, छत्री उघडून शेजारी उभं राहावं, ओल्यावर केलं की खाऊ दुप्पट द्यावा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, त्याची लस झाली आहे का हे डॉक्टरांना विचारावं. शाळा उघडण्याआधी किमान दहा दिवस घराचं घड्याळ शाळेच्या वेळेवर आणावं: मुलांची बस सातला असेल तर पिल्लू साडेपाचला बाहेर, सहाला खाणं, सव्वासहाला पुन्हा बाहेर. दुपारची एक फेरी कोण करणार त्याचं नाव त्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवावं.

आपली,
एक श्वानप्रशिक्षक,
इंदिरानगर, नाशिक